अक्षरामागे चार नाणी

तिसा नदीच्या वळणावर आमचं गाव.
चौकात कप्तानाचा पुतळा,
ब्राँझच्या मिशांवर कबुतरांची वस्ती,
आणि खाली, ग्रॅनाइटवर, दोनच शब्द:
पाणी उतरेल.

ते कोरले माझ्या खापरपणजोबानं, गेर्गेयनं.
अक्षरामागे चार नाणी घ्यायचा,
स्वल्पविरामाची दोन,
घासाघीस केली तर शिवी फुकट.
नगरपालिकेची थैली तेव्हा चपटी होती.

अख्खं वाक्य त्याला ठाऊक होतं.
महापुराच्या रात्री तोही छपरावर होता.
कप्तान नव्हता.
कप्तान तीन दिवसांनी आला, होडीतून,
कोरडे बूट घालून.

बोलली होती ती बोर्बाला, परटीण,
शेजारच्या छपरावरची.
डोक्यावर ओली शाल, काखेत बंद पडलेलं घड्याळ.
घंटाघरातून पाद्री लॅटिनमध्ये धीर देत होता,
आणि ती अंधाराकडे तोंड करून,
पिळलेलं धुणं झटकावं तशी म्हणाली,
'पाणी उतरेल. पण माझी बदकं कोण परत आणणार?'

कुणीतरी हसलं.
मग एकेक करत सगळी छपरं हसली.
त्या हसण्यावर सकाळपर्यंत तग धरला,
गेर्गेय सांगायचा,
आणि सांगताना दरवेळी एक छप्पर वाढवायचा.

दगडावर बदकं मावली नाहीत.

पुढे ते दोन शब्द आपल्या पायांनी चालू लागले.
मास्तरांनी कित्त्यात घातले.
विहिणींनी रुखवताच्या चादरीवर लाल दोऱ्यानं भरले.
आघाडीवरून आलेल्या पत्रात सेन्सॉरनं
सगळं काळं केलं, तेवढेच ठेवले.
पायांच्या सुजेवरचं औषध विकणाऱ्यानं
बाटलीवर छापले, आणि तो गबर झाला.

मग ती वर्षं, रात्री बंद गाड्या यायच्या तेव्हाची.
बेकरीवाला ओदोन पाव बांधताना
मान वर न करता पुटपुटायचा: पाणी उतरेल.
आणि ज्यांनी त्याच्या भावाला नेलं
तेही म्हणायचे, लाऊडस्पीकरवरून, हात उंचावून:
पाणी उतरेल.
शब्दांनी कुणालाच नाही म्हटलं नाही.
उंबरठ्याला कुठे कळतं
कोण आत येतंय.

मी शाळेत इतिहास शिकवते.
सातवीतली वील्मा विचारते,
बाई, अशी वाक्यं टिकतात कशी?
खरी असतात म्हणून?

खरी? पाणी दरवेळी उतरलं नाही, वील्मा.
खालची आळी पुन्हा वसलीच नाही,
तिथे आता फक्त वेत आणि बगळे.
टिकतात ती बहुतेक अर्धी असतात म्हणून.
उरलेल्या अर्ध्यात
ज्याला त्याला आपापलं काही ठेवता येतं.

एवढं बोलून फळा पुसताना वाटलं,
हेही जरा जास्तच गुळगुळीत झालं.
उद्या वहीत लिहून आणेल पोरगी,
खाली कप्तानाचं नाव घालून.

आमच्या घरात मात्र तो पुतळ्याचा भाग
कुणी कधी वापरला नाही.
वाटणीत आम्हाला आलं ते उरलेलं.
भाऊ कर्ज फिटलं म्हणून नाचला, तेव्हा आजी म्हणाली, आणि बदकं?
सरकार पडलं, चौकात लोक रडले, गळ्यात पडले,
आजोबा खिडकीत पाइप झाडत होते: आणि बदकं?

मागच्या मार्चमध्ये आईच्या फुप्फुसात पाणी झालं.
नळ्या, पिशव्या, खिडकीबाहेर कळ्या धरलेला जर्दाळू.
मला दुसरं काही सुचेना.
तिचा हात हातात घेऊन मी ते म्हटलं,
दगडावरचं, कप्तानाचं, बाटलीवरचं.

तिनं एकच डोळा उघडला.
'आणि बदकं?'

मी इतकी हसले की नर्स धावत आली.
परगावची होती बिचारी.
तिला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला.
चार्टवर काहीतरी लिहिलं तिनं,
थोडंसंच.
रकाना लहान होता.